काशीची भैरवी

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या बायकांचं भजन कधी सुरू झालं ते कुणाला नीट सांगता यायचं नाही, पण ते संपायचं कसं ते सगळ्यांना ठाऊक होतं. काशी भैरवी म्हणायची आणि मग टाळ पालथे पडायचे. भैरवी म्हणजे शेवट. ती झाली की पुन्हा तोंडातून ओळ काढायची नाही, असा भजनाचा दंडक आहे, आणि या बायका बाकी कितीही गोंधळ घालोत, हा दंडक त्यांनी कधी मोडला नव्हता. एखादी उठता उठता सहज गुणगुणायला लागली तरी दुसरी तिच्या मांडीवर चापट मारायची, "ए, भैरवी झाली ना गो!"

मंडळाचं नाव गावदेवी महिला भजनी मंडळ. नाव भारदस्त, कारभार घरगुती. दर गुरुवारी दुपारी भांडी घासून झाली की बायका देवळात जमायच्या आणि गोल करून बसायच्या. एका अंगाला राहीबाईचा धाकटा दीर नवशा मृदंग घेऊन. एवढ्या बायकांत एकटाच पुरुष, बिचारा मान वर करत नसे. म्होरकी राहीबाई. तिचा आवाज असा खणखणीत की पलीकडच्या गोडाऊनवर कंटेनर रिकामा करणारे हमाल हातातलं खोकं तसंच धरून ऐकत राहायचे. तिच्या बरोब्बर समोर काशी. ती जागा काशीनं कधी कुणाला दिली नाही. एकदा कुणाची तरी पाहुणी चुकून तिथं बसली, तर एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली काशी तिच्याशी कडाकडा भांडली होती. सगळ्या बघतच राहिल्या.

दोघी एकाच वर्षी लग्न होऊन पूर्ण्यात आल्या. राही जवळच्या वळ गावची, काशी लांब अकलोलीची, गरम पाण्याच्या कुंडांजवळची. घराला घर लागून. तेव्हा गोडाऊनं नव्हती, भाताची शेतं होती, आणि काशीच्या घरामागं पावरलूमचा कारखाना होता. तिथं काशीनं तरणेपणाची सगळी वर्षं कांड्या भरल्या. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. लूमच्या त्या खडखडाटात बोलणं कसलं ऐकू येणार? माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघूनच काय ते समजून घ्यायची. पुढं जमिनी विकल्या, गोडाऊनं उठली, कौलारू घरांचे बंगले झाले आणि कारखानाही बंद पडला. काशीची सवय मात्र गेली नाही. समोरचा बोलत असला की ही त्याच्या तोंडाकडं टक लावून बघणार.

"काय बगतेस गो सारकी?" राही चिडायची. "माज्या दातात मेथी अडकली क?"

काशी नुसती हसायची.

भजनात काशी गायची मनापासून, पण सगळ्यांच्या अर्धी मात्रा मागं. बायकांची ओळ संपायची, टाळ थांबायचे आणि मग काशीचा शेवटचा शब्द एकटाच येऊन पोचायचा. "आली गो आली, काशीची यष्टी आली!" कुणीतरी म्हणायचं, आणि सगळ्या खो खो हसायच्या. सगळ्यात आधी काशी. देवाला काय घाई होती, की बायकांना होती? दुपार मोकळी, पोरं शाळेत, नवरे गोडाऊनच्या भाड्याच्या गप्पा मारायला नाक्यावर. कुणाचं काही अडत नव्हतं.

आणि शेवटी भैरवी आली की तीच काशी वेगळी व्हायची. ती भैरवी तिच्या आईची. कुणा संताची नव्हे, कुठल्या पुस्तकात नव्हे. आईनं कुंडावर धुणं धुता धुता जुळवलेली.

दिस गेला बाय, आता घराला चला,
टाल ठेवा खाली, देव निजाया गेला.

एवढं ध्रुवपद सगळ्या म्हणायच्या. त्याच्यापुढं एक कडवं होतं, ते काशी एकटी म्हणायची, उभी राहून, डोळे मिटून. तोवर बाकीच्या कुणी सतरंजी गुंडाळायला घेतलेली असायची, कुणी चपला शोधत असायची, एखादी आपल्या गेलेल्या माणसाच्या आठवणीनं डोळे पुसत असायची. त्या कडव्याला काशी कधी मागं पडली नाही. कुणाच्या मागं पडणार? पुढं कुणी नव्हतंच. नवशा म्हणायचा, "काशीवयनीच्या भैरवीला मी ठेका देत न्हाय. तीच मना देते." ते कडवं कुणी पाठ केलं नाही. दर गुरुवारी फुकट ऐकायला मिळणारी गोष्ट पाठ कोण करतो?

चाललं होतं ते बरं चाललं होतं. मग दोन हजार चार साल उजाडलं, आणि भिवंडीत नवरात्रात महिला भजन स्पर्धा लागली. ढाल, हार, फोटो, सगळं.

आता राहीबाईला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण आधी तिचं ऐकून घ्या. तिसरीतून बापानं शाळा सोडवली. पहिला नंबर म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही. लग्नात सासऱ्यानं पोरगी काळी म्हणून नाक मुरडलं. पुढं आयुष्यभर कुणी चांगलं म्हटलं ते फक्त तिच्या हातच्या कालवणाला, तेही जेवून हात धुताना. आपला आवाज चांगला आहे हे तिला आतून माहीत होतं, पण लोकांनी ते मोठ्यानं म्हणावं, माईकवर म्हणावं, हे तिला फार फार वाटायचं. त्यात पाप काय होतं?

पहिल्या वर्षी त्या सगळ्या एकसारख्या पोपटी साड्या नेसून गेल्या आणि तोंडं पाडून परत आल्या. स्टेजवर गोल करून बसता येत नाही, लोकांकडं तोंड करून ओळीत बसावं लागतं. समोर राही नाही म्हटल्यावर काशीचा सगळा धीरच सुटला. मान वाकडी करकरून ती राहीकडं बघत होती आणि अर्धी मात्रा सोडाच, दोन दोन मात्रा मागं पडत होती. शेवटी भैरवी घेतली तर मध्येच घंटी वाजली, वेळ संपली. परीक्षकानं माईकवर सांगितलं, पूर्णा मंडळाचा एक आवाज सतत मागे राहतो, त्या ताईंनी शेजारणीच्या तोंडाकडे बघत गाऊ नये, आणि शेवटच्या रचनेत संताचं नाव नाही, ती ग्राह्य धरलेली नाही. ढाल गेली वळला.

वळ म्हणजे राहीचं माहेर. तिथं पुढच्याच महिन्यात हळदीला गेली तर तिकडच्या मंडळातली एकजण चारचौघांत म्हणाली, "पूर्ण्याच्या बायांचा गाना म्हंजी बैलगारी गो. एक बैल फुरं, एक मागं." हळदीचा मांडव हसला. राहीनं हातातला नारळ तसाच खाली ठेवला आणि न जेवता घरी आली. रात्री नवरा महादू म्हणाला, जाऊ दे गं, गंमत केली असेल. ती म्हणाली, "तुमाला काय कलते? गप ऱ्हावा."

मग तिनं शहरातून रामनाथ सरांना आणलं. सर गाण्याचे क्लास घ्यायचे, स्कूटरवरून यायचे. माणूस वाईट नव्हता हो, आपल्या कामात चोख होता. स्पर्धा जिंकायची असेल तर काय काय करावं लागतं ते त्यानं सरळ सांगितलं. गोल मोडा, रोज ओळीतच बसा, म्हणजे सवय होईल. घरगुती रचना बंद, संताच्या नावाची घ्या. भैरवी नको, वेळ खाते. आणि ओळीतल्या त्या तिसऱ्या, मागं पडणाऱ्या ताई.

"काशी?" राही म्हणाली.

"त्यांना बसवू नका."

"आसा कसा? ती पयल्यापासून हाय."

सरांनी जरा विचार केला. "मग मागच्या ओळीत बसवा. टाळ देऊ नका, हात जोडून बसू दे. ओठ हलवायचे फक्त. आवाज काढायचा नाही. मोठ्या मोठ्या कार्यक्रमांत करतात असं, त्यात काही कमीपणा नाही."

हे काशीला सांगायचं कुणी? राहीनंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या दारानं गेली तर काशी पाटावर बसून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत होती. राहीनं आधी पाण्याचं विचारलं, मग करंदीचा भाव विचारला, मग काशीच्या सुनेचं, रुचिकाचं विचारलं. काशी तिच्या तोंडाकडं बघत होती.

"काय झाला गो राही? बोल ना."

राहीनं सांगून टाकलं. सांगताना ती करंदीच्या ताटाकडं बघत होती, त्यामुळे काशीनं "आँ?" केलं आणि राहीला तेच दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा वाईट असतं.

"म्हंजी तोंड हलवाचा, आवाज न्हाय काराचा?" काशी म्हणाली.

"हां. नुसता स्पर्धेपुरता गो."

काशीनं हातातली करंदी सोलून ताटात टाकली. दुसरी घेतली. "आन भैरवी?"

"ती न्हाय चालत तिथं. संताचा नाव लागते."

"माजे आयेचा नाव न्हाय चालाचा," काशी म्हणाली. हे तिनं विचारलं नव्हतं, आपलं स्वतःशीच म्हटलं. मग हसून म्हणाली, "बरा. तू सांगतेस तं बरा. पोपटी सारी तीच ना गो नेसाची, सगल्यांची हाय ती?"

"तीच, तीच." राहीचा जीव भांड्यात पडला. चहा न घेताच ती उठली.

पुढच्या नवरात्रात पूर्ण्याला ढाल मिळाली. परीक्षक म्हणाला, एका आवाजात एवढ्या बायका गातात हे ऐकून धन्य झालो. राहीला स्टेजवर बोलावलं, माईकवर तिचं नाव घेतलं, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, टाळ्या वाजतच राहिल्या. टेम्पोतून परत येताना बायकांनी वळच्या फाट्यावर मुद्दाम टेम्पो थांबवला आणि घसा फाटेस्तोवर ओरडल्या. ढाल कुणाच्या मांडीवर होती? काशीच्या. सगळा रस्ताभर तिनं ती धरून ठेवली, पदरानं पुसली, आणि गावात शिरताना सगळ्यांना दिसावी म्हणून डोक्यावर धरली. तिच्याएवढं खूश त्या टेम्पोत कुणी नव्हतं, राहीसुद्धा नाही.

एकदा ढाल घरात आली की ती राखावी लागते. वळवाल्या गप्प बसणार होत्या थोड्याच! गुरुवारचं भजन आता तालीम झालं. बायका भिंतीकडं तोंड करून ओळीत बसायच्या. सरांनी पेटीबरोबर विजेचा तानपुरा आणला, माईक आणला. "परत," सर म्हणायचे. "परत एकदा." कुणी हसायचं नाही. शेवटी सर घड्याळ बघायचे, चला, पुढच्या गुरुवारी. टाळ पिशवीत जायचे. पालथे पडायचे बंद झाले. भैरवी नाही म्हणजे शेवटही नाही, त्यामुळे बायका घरी जाताना वाटेतही त्याच ओळी घोकत जायच्या आणि कुणी कुणाच्या मांडीवर चापट मारत नव्हतं.

पुढच्या श्रावणातली गोष्ट. त्या काळात भिवंडीत वीज जायची ती जायचीच. तालीम रंगात आली होती आणि लाईट गेली. तानपुरा थांबला, माईक मेला, पंखे थांबले. "गेली ना मेली!" म्हणत बायकांनी ओळ मध्येच सोडली, नवशानं हात काढून घेतला. राहीनं पदरानं वारा घेत मागं वळून बघितलं.

मागच्या ओळीत काशी गात होती. म्हणजे तोंड हलत होतं. हात जोडलेले, डोळे मिटलेले, मान डोलत होती आणि ओठ एक एक शब्द धरून हलत होते. सगळं देऊळ गप्प झालंय याचा तिला पत्ता नव्हता. तिच्या गळ्यातून हूं की चूं येत नव्हतं.

बायका हसायला लागल्या. एकीनं कोपरानं ढोसलं तेव्हा काशीनं डोळे उघडले आणि सगळ्या हसताहेत म्हणून तीही हसली.

राही उठून तिच्यासमोर जाऊन बसली. "काशी, आवाज कुठं गेला गो तुजा?"

"आँ?"

"आवाज! आज स्पर्धा हाय क? तालमीला तरी गा ना!"

"तूच सांगलास ना, आवाज न्हाय काराचा."

"गो, ता स्पर्धेपुरता!"

काशी तिच्या तोंडाकडं बघत राहिली. "मना वाटला, आता तसाच काराचा. नेमीचा."

म्हणजे गेल्या नवरात्रापासून. सबंध वर्ष ही बाई दर गुरुवारी भांडी घासून, साडी बदलून, देवळात येऊन, हात जोडून गप्प बसली होती आणि शेजारी बसलेल्या एकीलाही ते कळलं नव्हतं.  राहीचं एक वाईट होतं, तिला लाज वाटली की राग यायचा.

"येरी का खुली तू!" ती ओरडली. "लेकराला कलते त्यावढा कलत न्हाय तुला?"

काशीचा चेहरा उतरला. मग थोड्या वेळानं, सर स्कूटरला किक मारत होते तेव्हा ती राहीपाशी आली. "राही, ये ना एक दुपारी. त्या भैरवीचा कडवा शिकून घे. पोरींना कुनी शिकवाचा? माजा दम आता पुरत न्हाय, छातीत भरून येते."

"घेते गो. नवरात्र होऊ दे. मंग गोल करून बसू पयल्यासारका, तुजी भैरवी बी घेऊ. सगला करू."

"बरा," काशी म्हणाली.

गौरी-गणपती गेले आणि आठवड्याच्या आत काशी गेली. सकाळी अंगणात तांदूळ निवडत बसली होती, ती तशीच भिंतीला टेकली. नवरा नामा आतून हाका मारत होता, चहा झालाय म्हणून. ही ऐकत नाही म्हणून तो वैतागून बाहेर आला.

पूर्ण्यात रीत आहे. मंडळातली बाई गेली की दहाव्याच्या आदल्या दुपारी मंडळानं तिच्या अंगणात भजन करायचं. तिचा टाळ तिच्या जागेवर ठेवायचा, आणि शेवटी भैरवी म्हणून सगळ्यांचे टाळ पालथे झाले की तिचाही पालथा करायचा. मग ती सुटली. आधी ज्या दोघी-तिघी गेल्या त्यांना काशीच्याच भैरवीनं सोडवलं होतं.

राही टाळ घ्यायला आत गेली. रुचिकानं फडताळातून तो काढून दिला. वर्षभर वापर नाही, त्यामुळे पितळ काळवंडलं होतं. रुचिका शहरातली, शिकलेली पोर, पण सासूवर तिचा फार जीव. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"काकी, एक सांगू का?" ती म्हणाली. "आईंनी कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. आता काय करायची शपथ! त्यांना ऐकू येत नव्हतं."

"कोनाला?"

"आईंना. एक कान तर पूर्ण गेला होता, कारखान्यात कांड्या भरायच्या तेव्हापासून. दुसरा पण थोडाच. डॉक्टरकडं नेलं होतं मी. लोक बहिरी म्हणतील म्हणून घाबरायच्या. भजनात त्या तुमच्या ओठांकडं बघून गायच्या. तुमचा ओठ हलला की मग त्यांचा शब्द. मला म्हणायच्या, राहीच्या तोंडावर मना गाना दिसते."

राही टाळ हातात घेऊन उभी राहिली. समोरच्या जागेसाठीचं ते भांडण. स्टेजवरची ती वाकडी मान. अर्धी मात्रा. सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. आणि मग मागची ओळ आठवली. मागच्या ओळीतून राहीची फक्त पाठ दिसते. त्या वर्षभर काशीला ना कुणाचं तोंड दिसत होतं, ना धड आवाज येत होता. ती नुसती गप्प नव्हती बसली. ती त्या सगळ्या बायकांत एकटी बसली होती, आणि तिथं तिला राहीनं नेऊन बसवलं होतं.

"आदी का न्हाय सांगलास गो," राही म्हणाली. ते रुचिकाला म्हणाली की काशीला, कुणास ठाऊक.

अंगणात बायका गोल करून बसल्या. सांगावं लागलं नाही, आपोआपच तशा बसल्या. राहीसमोरची जागा मोकळी. तिथं तिनं काशीचा टाळ ठेवला, उताणा. नामा दाराच्या चौकटीला टेकून बसला होता. रामनाथ सर आले होते, ते लांब उभे राहिले, त्यांनी काही सुचवलं नाही.

भजन झालं. चांगलं झालं म्हणवत नाही, रडत रडत झालं. कुणाचा सूर कुठं, कुणाचा टाळ कुठं. राहीचा तो खणखणीत आवाज तर दोन अभंगांतच बसला. ऊन कलायला लागलं तेव्हा नवशा हळूच म्हणाला, "वयनी, भैरवी."

राहीनं सुरुवात केली.

दिस गेला बाय, आता घराला चला,
टाल ठेवा खाली, देव निजाया गेला.

सगळ्यांनी उचललं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. ध्रुवपद सगळ्यांना येत होतं. मग एक एक आवाज थांबला. आता कडवं. आता ती उभी राहायची.

कुणी सतरंजी गुंडाळायला उठलं नाही, कुणी चप्पल शोधली नाही. सगळ्या बायका राहीकडं बघत होत्या. म्होरकी तीच. इतकी वर्षं तिनं ते कडवं ऐकलं होतं, दर गुरुवारी, आणि दर गुरुवारी तेव्हाच ती टाळ मोजून पिशवीत भरत असायची. तिनं डोळे मिटले. काशीचा आवाज आठवायला लागली. उभ्या काशीचे पाय आठवले, पायातली जोडवी आठवली, पदर आठवला. शब्द येईनात. मग अचानक सुरुवात सापडली.

"मागं ऱ्हायली कोन गो..."

राहीचा आवाज चिरकला. मागं ऱ्हायली कोन गो. पुढं काय? तिला हाक मारा होतं, की तिला संगं घ्या होतं, की तिच्यासाठी थांबा होतं? काहीतरी होतं. एवढ्या बायका असूनही कुणीतरी मागं राहते आणि तिचं काहीतरी करायचं असतं, ते काशीच्या आईला ठाऊक होतं, काशीला ठाऊक होतं, आणि राहीला शिकायला एक दुपार झाली नव्हती.

"मागं ऱ्हायली कोन गो..." तिनं पुन्हा धरलं. नवशाचा हात मृदंगावर थांबून राहिला होता. पुढची ओळ कुणाच्याच घशात नव्हती. टाळ सगळ्यांच्या हातात तसेच, काशीचा जमिनीवर तसाच, उताणा. भैरवी पुरी झाल्याशिवाय तो पालथा कोण करणार?

राहीनं समोरच्या मोकळ्या जागेकडं बघितलं आणि म्हणायला सुरुवात केली. बायका तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. तोंड हलत होतं. आवाज येत नव्हता.